गप्प बसणारी वाटी

आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत, कोपऱ्यात, आईचा तानपुरा उभा असतो. मिरजेचा, चार तारांचा, काळी चारच्या, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात लावायचा. आई आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि तिचे गाणे थांबूनही बराच काळ लोटला आहे, पण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा ती मला गवसणी काढायला लावते, खुंट्या पिळते, मणी सरकवते, तारा ज्या घोडीवर टेकतात तिथला जवारीचा दोरा नखाने केसभर मागेपुढे करते आणि तारा एकमेकींत मिसळू लागल्या की मला विचारते, "गांधार येतोय का?" तानपुऱ्याला गांधाराची तार नसते. पंचम, षड्जाच्या दोन जोड आणि खालच्या षड्जाचा खर्ज एवढ्याच तारा असतात, आणि तरीही त्या नीट लागल्या की कुणी न छेडलेला एक गांधार त्यांच्यावर तरंगू लागतो. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. लहानपणी मला तो पुष्कळदा ऐकूच येत नसे आणि मी नुसती मान हलवत असे. गेल्या वर्षी संगीत ऐकण्यासाठी चांगला बंद हेडफोन शोधण्यात माझे चार महिने गेले, आणि त्यातले पहिले तीन वाया गेले असेच म्हणावे लागेल, कारण आईचा हा प्रश्न बरोबर घेऊन शोधायला निघावे हे मला सुचलेच नव्हते.

बंदच का, हे आधी सांगायला हवे, कारण या विषयातली जाणती माणसे पहिली हरकत तिथेच घेतात. हेडफोनच्या आत एक पातळ पडदा असतो आणि तो मागेपुढे हलतो. पुढे ढकललेली हवा कानाकडे जाते; पण पडदा जेवढा पुढे बोलतो तेवढाच मागेही बोलतो, आणि मागच्या त्या आवाजाचे करायचे काय, हा हेडफोन बनवणाऱ्यापुढचा मूळ प्रश्न असतो. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये तो जाळीतून बाहेर सोडून देतात; बंद हेडफोनमध्ये तो कानावरच्या वाटीतच कोंडून ठेवतात. जर्मनीतल्या सेनहायझर कंपनीने 1968 साली एचडी 414 हा उघडा हेडफोन बाजारात आणला, आणि तेव्हापासून घरात निवांत ऐकणाऱ्यांपैकी अनेकांचा कल उघड्या हेडफोनकडे राहिला आहे. त्यांतला आवाज मोकळा असतो, डोक्याभोवती थोडी जागा असल्यासारखी वाटते, आणि हे मला अगदी मान्य आहे. अडचण 'निवांत घर' या दोन शब्दांत आहे.

आम्ही कोथरूडला डहाणूकर कॉलनीत राहतो. समोरची सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे आणि सकाळी चहा होतो न होतो तोच तिथला ब्रेकर सुरू होतो. तो थांबला की सळयांची गाडी येते, ती गेली की काँक्रीटची. रात्री दहानंतर सगळे शांत होते, पण तेव्हा आई माझ्याच खोलीत झोपलेली असते, तिला रात्री एकटे ठेवता येत नाही, आणि उघड्या हेडफोनमधून मला जे ऐकू येते त्याचा बराचसा भाग खोलीलाही ऐकू येतो. थोडक्यात, दिवसा बाहेरचे आत यायला नको आणि रात्री आतले बाहेर जायला नको. अशा घरात उघडा हेडफोन म्हणजे भर चौकात अंथरलेली चटई.

बाहेरचा गोंगाट मायक्रोफोनने टिपून त्याच्या उलट लहर कानाशी वाजवणारे, म्हणजे नॉइज कॅन्सलिंगचे हेडफोन घे, असेही दोघा-तिघांनी सुचवले. विमानातल्या किंवा एसटीतल्या अखंड घुमणाऱ्या आवाजावर ते तंत्र फार चांगले चालते. ब्रेकरच्या तुटक ठोक्यांवर आणि कुकरच्या शिट्टीवर तेवढे चालत नाही. शिवाय आतली बॅटरी थकली की धडधाकट वस्तू टाकून द्यायची वेळ येते, आणि ते माझ्या जिवावर येते. साध्या बंद वाटीचा हिशेब याच्या उलट असतो. वरचे बारीक आवाज ती चांगले अडवते आणि खालचे घुमणारे आवाज मात्र तिच्यातून बरेचसे आत येतात. गणपतीच्या आधी नदीपात्रात आणि मैदानांवर ढोलपथकांचे सराव सुरू झाले की त्या ढोलापुढे कोणतीच वाटी टिकत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे. तरीही दिवसाचा पुष्कळसा गोंगाट तिने कमी होतो आणि त्यामुळे आवाज बेताचा ठेवून ऐकता येते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी 2019 साली जे मानक ठरवले, त्यात प्रौढांसाठी आठवड्याला 40 तास आणि सरासरी 80 डेसिबल अशी मर्यादा धरली आहे. ब्रेकरच्या वर आवाज काढून गाणे ऐकणाऱ्याची शिल्लक त्यातून किती लवकर संपत असेल, याचा विचार करावा.

पहिला हेडफोन मी घरबसल्या मागवला आणि फसले. कंपनीचे नाव सांगत नाही. मुद्रितशोधन हा माझा व्यवसाय असल्यामुळे खोक्यावरचा मजकूरही मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. त्यावर हाय-फाय हा शब्द तीनदा होता, आणि हेडफोन 40,000 हर्ट्झपर्यंतचा, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांपर्यंतचा, आवाज देतो असे अभिमानाने छापले होते. माणसाचा कान तरुणपणी फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो. माझ्या पन्नाशी उलटलेल्या कानांची हद्द बारा-तेरा हजारांवर संपते, हे मी एकदा तपासून पाहिले आहे. तेव्हा उरलेले सत्तावीस-अठ्ठावीस हजार हर्ट्झ मी कुणासाठी विकत घेतले, हे कळायला मार्ग नाही. ते असो. लावून पाहिला तर डग्ग्याचा प्रत्येक घुमारा पोटात गुद्दा बसावा तसा येत होता, गायिका गोधडी पांघरून गात होती आणि तानपुरा तर दुसऱ्या खोलीतल्या फ्रिजसारखा गुणगुणत होता. माझा भाचा एका स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचे काम करतो. त्याने तो दोन मिनिटे कानाला लावला आणि काढून ठेवत म्हणाला, "मावशी, हा नाचायचा हेडफोन आहे. तू बसून ऐकणारी."

मग मी बुधवार पेठेत गेले. पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत हेडफोन ढिगाने मिळतात, पण खोके फोडून ऐकवायला सहसा कुणी तयार नसते, आणि त्यात त्यांची चूक आहे असेही मला वाटत नाही; दुसऱ्याच्या घामाने ओली झालेली गादी नवी म्हणून कोण घेईल? एका दुकानदाराने तर "काकू, आवाज सगळ्यांचा सारखाच असतो, तुम्ही रंग सांगा" असे म्हणून माझी बोळवण केली. शेवटी भाच्यानेच सोय केली. स्टुडिओतली मंडळी ध्वनिमुद्रण करताना बंद हेडफोनच वापरतात, कारण गाणाऱ्याच्या कानातला ठेका त्याच्यासमोरच्या मायक्रोफोनमध्ये शिरून चालत नाही. त्याने स्वतःचे आणि मित्रांचे मिळून चार हेडफोन आठवडाभराच्या बोलीवर आणून दिले: 1991 पासून फारसा न बदलता बनत आलेला सोनीचा एमडीआर-7506, ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम50एक्स, बायरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो आणि 2019 साली आलेला एकेजीचा के371. माझी मर्यादा पंधरा हजारांची होती आणि त्याच्या मते त्या पैशांत याहून शहाणा विचार करता येत नाही. आठवडाभराची बोली पुढे पाच आठवड्यांवर गेली, त्याबद्दल त्याच्या मित्रांचे आभार मानायला हवेत.

या चौघांपैकी कुणात मला काय खटकले आणि शेवटी कोणता ठेवला, हे मी नावानिशी लिहिणार नाही. वाचकाची यात निराशा होणार हे मला कळते, पण कारण पुढे येईलच. सोयीसाठी मी त्यांना पहिला, दुसरा, तिसरा, चौथा म्हणते, आणि हा क्रम वरच्या यादीचा नव्हे.

सुरुवातीला मी अंकांत अडकले. मुद्रितशोधकाला आकडे दिसले की तो ते ताडून पाहतोच. डीटी 770 प्रो हा एकच हेडफोन 32, 80 आणि 250 ओहम अशा रूपांत विकला जातो, तेव्हा 250 वाला सर्वांत चांगला असणार असे मी धरून चालले होते. तसे नसते. ओहम हा दर्जाचा आकडा नसून हेडफोनची तार विजेला किती अडवते त्याचा आहे. जास्त ओहमच्या हेडफोनला तेवढाच मोठा आवाज काढायला सहसा जास्त व्होल्टेज लागते, आणि ते फोनच्या टोकाला लावायच्या बोटभर यंत्रातून मिळेलच असे नाही. "तुला अॅम्पचा पसारा नको असेल तर 80च्या वर जाऊ नकोस," एवढ्या एका वाक्यात भाच्याने तो विषय संपवला आणि तो तेवढ्याच लायकीचा होता. पडदा 40 मिलिमीटरचा की 45 की 50, हाही प्रश्न तसाच निघाला. भांड्याच्या आकारावरून आमटीची चव सांगण्यासारखे ते आहे.

किमतीवरून तरी काही कळावे? येरून ब्रेबार्ट या संशोधकाने 2017 साली 283 हेडफोनांची मापे घेऊन ती त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली होती, आणि कोणते स्वर किती मोठ्याने वाजतात याचा किमतीशी काही संबंध त्याला आढळला नाही. हे वाचून मला बरे वाटले, आणि पहिल्या खरेदीची आठवण होऊन जरा वाईटही वाटले.

खरा धडा चष्म्याने दिला. चारही हेडफोनांत मला खालचे स्वर पातळ वाटत होते. खर्जाची तार जणू कुणी अर्धी कापून नेली होती. चौथ्यात तर ते इतके जाणवले की मी तो परत द्यायचा म्हणून पिशवीत भरून ठेवला. आई पलंगावरून माझा हा खटाटोप पाहत होती. ती म्हणाली, "ऐकायला चष्मा कशाला लागतो तुला?" मी वैतागूनच चष्मा काढला, हेडफोन पुन्हा लावला, आणि खर्ज परत आला. परत आला म्हणजे कसा, तर गळ्याखालच्या हाडात जाणवावा इतका भरून आला.

याचे कारण सरळ आहे आणि ते मला आधी कळायला हवे होते. बंद हेडफोनची वाटी, तिची गादी आणि आपले डोके मिळून एक लहानशी डबी तयार होते. त्या कोंडलेल्या मूठभर हवेवर पडदा दाब देतो आणि तो दाब कानाच्या पडद्यापर्यंत पोचतो. खालचे स्वर त्या दाबावर जगतात. डबीला फट पडली की तो दाब निसटतो, आणि वरचे स्वर जागच्या जागी राहून फक्त खालचे गळून जातात. माझ्या चष्म्याच्या काड्या चांगल्या जाड आहेत. त्या दोन्ही कानांवर गादी उचलून धरत होत्या आणि मी ज्याला हेडफोनचा दोष म्हणत होते तो चष्म्याच्या दुकानातून आणलेला होता. केसांचा अंबाडा, कानाच्या वरची बट, डोक्याची रुंदी, कमानीची पकड, हे सगळेच त्या फटीत भर घालते किंवा ती बुजवते. माझ्या कुड्यांची फिरकी कानामागे रुतत असे, म्हणून मी त्या काढून ठेवू लागले. रेक्झिनची गादी हवा चांगली धरून ठेवते, पण वैशाखात तिच्याखाली घामाची धार लागते आणि दोन-तीन वर्षांत तिचे पापुद्रे निघू लागतात. मखमली गादी कानाला सुखाची, पण तिच्यातून थोडी हवा निसटतेच. गादी बदलली की आवाजही बदलतो, म्हणून तशीच गादी पुढे सुटी मिळणार आहे ना, हे घेण्यापूर्वी पाहून ठेवावे. आणि मी नाव का सांगत नाही ते आता लक्षात आले असेल. माझा निकाल माझ्या कुड्यांसकट आणि चष्म्यासकट आहे, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर तो जसाच्या तसा बसणार नाही.

चष्मा उतरल्यावर चारही हेडफोन मी नव्याने ऐकले, आणि तेव्हा ऐकायचे काय हा प्रश्न पुढे आला. आतापर्यंत मी मोठ्या गायकांची नावाजलेली ध्वनिमुद्रणे लावत होते. त्यांत सगळेच छान वाटे, कारण ते मुद्रण मुळात कसे वाजायला हवे हे मला ठाऊक नव्हते. सवाई गंधर्व महोत्सव मी रमणबागेच्या मैदानावर सतरंजीवर बसून वर्षानुवर्षे ऐकला, पण तिथेही माझ्यापर्यंत जे आले ते मंडपातल्या स्पीकरमधूनच. ज्याचा खरा आवाज मी विजेच्या मदतीशिवाय, हाताच्या अंतरावरून, वर्षानुवर्षे ऐकला आहे असे वाद्य एकच होते आणि ते कोपऱ्यात गवसणीत उभे होते. त्याचे ध्वनिमुद्रणही घरात होते. 1986 च्या मे महिन्यात, पंखा बंद करून, टेपरेकॉर्डर पाटावर ठेवून आईने यमनाची एक बैठक घरातच भरली होती. कॅसेटवरून ती मी मागेच संगणकावर उतरवून घेतली आहे. मुद्रण एकाच माइकचे, फितीची खरखर भरपूर, मध्येच एकदा दारावरची कडी वाजते. हाय-फाय म्हणावे असे त्यात काही नाही. पण ती खोली, तो तानपुरा आणि तो गळा मला ठाऊक आहे.

तानपुऱ्याच्या आवाजाबद्दल थोडे सांगायला हवे. 1921 साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला. तारेच्या मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक उपस्वरही उमटतात. तार जिथे छेडली जाते तिथे ज्या उपस्वराचे स्थिर पेर, म्हणजे न हलणारा बिंदू, पडते, तो उपस्वर उमटू नये असा जुना नियम आहे; तानपुऱ्यात आणि वीणेत तो उमटतो, हे त्यांनी दाखवले आणि त्याचे कारण घोडीच्या वक्र माथ्यात शोधले. त्या माथ्यावर दोरा योग्य जागी बसला की तार घोडीला पुन्हा पुन्हा पुसटशी स्पर्शत राहते आणि उपस्वरांचा झरा उघडतो. काळी चारचा खर्ज म्हणजे सुमारे 104 हर्ट्झ. त्याची पाचपट 520 हर्ट्झच्या जवळ येते, आणि तोच आईचा गांधार. म्हणजे तो दुर्मीळ, उंच, तरुण कानांनाच ऐकू येणारा असा काही स्वर नाही. कोणताही हेडफोन 520 हर्ट्झ वाजवतो. प्रश्न असतो तो झाकला जातो की नाही याचा. आपल्या कानाची एक खोड अशी आहे की खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला सहज झाकून टाकतो, उलट मात्र तेवढे घडत नाही. हेडफोनने खालचे स्वर थोडे जरी फुगवले तरी डग्गा सुरू होताच गांधारावर पांघरूण पडते.

दुसऱ्या हेडफोनचे तसेच झाले. आलापात गांधार लख्ख होता आणि ठेका सुरू होताच तो विझला. पहिला याच्या उलट. त्यात आईच्या बंदिशीतला प्रत्येक 'स' आणि 'श' टाचणीसारखा टोचे, कडीचा आवाज दचकवणारा येई, तिने श्वास कुठे चोरला तेही कळे. मुद्रितशोधकाला आवडावा असा तो हेडफोन होता आणि सुरुवातीला तो मला फार आवडलाही. पण मुद्रिते तपासताना आपण पुस्तक वाचत नसतो, हे तीस वर्षांच्या कामाने मला शिकवले आहे. तिसऱ्यात गांधार ठेक्यातही टिकला, कानांना तो सर्वांत सुखाचाही होता, मात्र वरच्या टोकाला कुठेतरी एक उंचवटा असल्यामुळे फितीची खरखर पाऊस सुरू झाल्यासारखी पुढे येई. नव्या, स्वच्छ मुद्रणांत ते कदाचित जाणवणारही नाही. माझ्याकडे जुन्या कॅसेटच जास्त आहेत, कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊसमधून एकेक करून जमवलेल्या, त्यामुळे मला ते जाणवले.

चौथ्यात, म्हणजे पिशवीत भरून ठेवलेल्या हेडफोनमध्ये, ठेका आला आणि गांधार तिथेच राहिला. मी टेप मागे नेऊन तीनदा तीच जागा ऐकली.

त्याचे कारण भाच्याला विचारले तेव्हा त्याने मला आलेख दाखवले. मोकळ्या हवेतून येणारा आवाज कानाच्या पडद्यापर्यंत पोचेतो कानाच्या पाळीने आणि नळीने 3,000 हर्ट्झच्या आसपास बराच उंचावलेला असतो, आणि आपला मेंदू त्यालाच स्वाभाविक मानतो. हेडफोन कानाला चिकटलेला असल्याने तो उंचवटा त्याने स्वतःच पुरेसा भरून द्यावा लागतो; कागदावर सपाट रेघ दाखवणारा हेडफोन म्हणूनच कानाला मलूल वाटतो. किती भरून द्यायचा, हे हर्मन या ध्वनियंत्रे बनवणाऱ्या कंपनीत शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 च्या सुमारापासून माणसांना बसवून, ऐकवून, त्यांची पसंती विचारून ठरवत नेले. त्यांच्या रेघेच्या जवळ जाणारा हेडफोन बहुतेकांना आवडतो. त्या श्रोत्यांपुढे कधी तानपुरा लागला असेल असे मला वाटत नाही. पण कानाची नळी यमन ऐकणाऱ्याची आणि जॅझ ऐकणाऱ्याची सारखीच असते, तेव्हा त्यावर मी फार ताणले नाही.

मला जास्त भावली ती वाटीची गोष्ट. मागच्या आवाजाला बंद हेडफोनमध्ये कुठेच जाता येत नाही. वाटीच्या आतली खोली जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर. त्या अंतरात मावणाऱ्या, काही हजार हर्ट्झच्या लहरी भिंतीवर आपटून पडद्याकडे परत येतात आणि पुढच्या आवाजात उशिरा मिसळतात, तर खालच्या स्वरांना ती कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी परत ढकलते. म्हणून बनवणारे आत स्पंज आणि नमदा भरतात, भिंती वाकड्या ठेवतात, कुठे बारीक छिद्र सोडतात. हे ऐकताना मला सारखा तानपुऱ्याचा भोपळा डोळ्यांपुढे येत होता. तोही बंद डबीच. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे भोपळे वाळवून, कोरून मिरजेचे कारागीर त्यावर तबली बसवतात, आणि भोपळ्याने तारेच्या आवाजात स्वतःचे काही घालावे यासाठीच हा सगळा खटाटोप असतो. वाद्याचा भोपळा गप्प बसला तर ते वाद्य मेले. हेडफोनच्या वाटीने मात्र तोंड उघडता कामा नये, कारण आईचा भोपळा मुद्रणात एकदा बोलून झालेला आहे आणि त्याच्यावर दुसऱ्या भोपळ्याचे बोलणे चढले की माझ्या कानाशी दोन खोल्या एकदम वाजू लागतात. गोधडीतून आल्यासारखा, पिंपातून आल्यासारखा, असे आपण ज्या आवाजांना म्हणतो तो बहुतेक वेळा वाटीचा आगाऊपणा असतो.

हे कळल्यावर मी एक अडाणी चाचणी सुरू केली. माठ घेताना वाजवून पाहतो तशी, हेडफोन डोक्यावर असताना, गाणे न लावता, वाटीवर नखाने टिचकी मारायची. माठाला टणत्कार हवा, वाटीला नको. घरबसल्या मागवलेल्या त्या फसव्या हेडफोनने 'टॉंऽ' असे उत्तर दिले आणि चौथा 'टक्' म्हणून गप्प झाला. भाचा यावर पोट धरून हसला. याला विज्ञान म्हणत नाहीत, असेही म्हणाला. मात्र पुढच्या वेळी आला तेव्हा चहा होईपर्यंत तो स्वतःचा हेडफोन घालून टिचक्या मारत बसला होता.

बंद हेडफोनची एक उणीव राहतेच, ती लपवण्यात अर्थ नाही. आवाज समोरून येत नाही, कवटीच्या मधोमध येतो. दोन बाजूंचे वेगळे मुद्रण असेल तर तो थोडा पसरतो, पण मैफलीसारखा समोर बसत नाही. आईचे मुद्रण एका माइकचे असल्यामुळे ती थेट माझ्या दोन भुवयांच्या मध्ये बसून गाते. पहिल्या दिवशी ते विचित्र वाटले होते. आता त्याची सवय झाली आहे, आणि खरे सांगायचे तर तेवढ्या जवळून ती मला कधी गायला बसली नव्हती.

चौथ्याच जातीचा नवा हेडफोन मी नोव्हेंबरात घेतला. आईला तो लावून द्यावा असे मनात होते, पण तिच्या कानामागे श्रवणयंत्र असते आणि त्यावर वाटी टेकताच यंत्र शिट्टी मारू लागते. मग एका दुपारी, समोरच्या मजुरांची जेवणाची सुट्टी झाली तेव्हा, तिचे यंत्र काढून डबीत ठेवले, गादी नीट बसली की नाही ते बोट फिरवून पाहिले, आवाज थोडा वाढवला आणि 1986 चा यमन लावला. ती बराच वेळ हलली नाही. मला अर्थातच काही ऐकू येत नव्हते. ठेका सुरू झाला असावा, कारण तिच्या उजव्या हाताची बोटे चादरीवर मात्रा मोजू लागली. मी तिच्यासमोर वाकून, ओठ स्पष्ट हलवत विचारले, "गांधार येतोय का?"

तिने डोळे न उघडता मान हलवली. मग हेडफोन कानावर असलेले माणूस बोलते तितक्या मोठ्याने म्हणाली, "येतोय. पण दुसरी जोड उतरलीय. तानपुऱ्यावर तू बसली होतीस ना त्या दिवशी?"